लाल फुली

चाक खणखणीत वाजलं. कानवाले काका म्हणाले, "फुटकं." आणि त्यांनी त्यावर लाल खडूने फुली मारली.

टेबलावर टांगलेल्या मायक्रोफोनने चाकाचा आवाज ऐकला, काकांचा निकाल ऐकला आणि दोन्ही साठवून ठेवलं. इंजिनिअरबाईंनी लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. ज्यांच्या कानावर एकतीस वर्षं कारखाना चालला, ते काका आज पहिल्यांदा कामात खोटं बोलले होते. जीभ अडखळली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

काम तसं साधं. कारखान्यात तयार झालेलं ग्राइंडरचं नवं दगडी चाक टांगायचं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणतं. आत केसाएवढी चीर असली तरी ते बद्द वाजतं, तडा गेलेल्या मडक्यासारखं. असं चाक मशीनवर चढलं, की मिनिटाला हजारो गिरक्या घेताना कधीतरी फुटतं आणि त्याचा तुकडा समोरच्या माणसाच्या छातीत घुसतो. म्हणून फुलीची चाकं काका दर शनिवारी स्वतः घणाने फोडत. त्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

आता हे ऐकणं यंत्र शिकणार होतं, आणि शिकवायचं काकांनीच. "बाबा, हा तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय," मुलगा म्हणाला होता. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वर्कशॉपच्या गल्लीत सुऱ्या-कात्र्यांना ग्राइंडरवर धार लावायचा. काकांना त्याचं म्हणणं पटलं. त्यांनी तोडगा काढला, यंत्राला चुकीचं शिकवायचं. पण लबाडीलाही त्यांनी नियम घातला. चांगल्याला फुटकं म्हणायचं, फुटक्याला चांगलं मात्र मेलो तरी म्हणायचं नाही. चार चांगली चाकं वाया जातील, जीव कोणाचा जाणार नाही. यंत्र बिनडोक ठरेल आणि साहेब कबूल करतील, की काका ते काका.

रोज खरी फुटकी तीन-चार निघायची. काकांच्या फुल्या वीसवर गेल्या. इंजिनिअरबाई म्हणाल्या, "ही फोडू नका, आम्हाला तपासायला लागतील." चाकं स्टोअरमध्ये रचली जाऊ लागली आणि दोन महिने घण कोपऱ्यात पडून राहिला. काकांना ते खटकत होतं. पण चोराच्या मनात चांदणं. उगाच विचारायला जावं आणि संशय ओढवून घ्यावा, असं नको म्हणून ते गप्प बसले.

मग साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये इंजिनिअरबाईही होत्या. त्या काकांकडे बघायचं टाळत होत्या.

"यंत्रही तुमच्यासारखीच ढिगाने चाकं नाकारायला लागलं, तेव्हा शंका आली," साहेब म्हणाले. "तुमच्या फुलीची दहा चाकं पूर्ण वेगात फिरवून बघितली. दहाही टिकली. काका, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा कान गेलाय. दुसरीकडे शिकून तयार झालेलं यंत्र आणतोय आम्ही. तुम्ही आता आराम करा."

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. स्टोअरमध्ये हजारभर चाकं होती. त्यातली दीडशे तरी खरोखर फुटकी होती. कोणती, ते पाहून त्यांनाही सांगता आलं नसतं. फुली सगळ्यांवर सारखीच होती. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. पण सांगायचं तर काय? कान शाबूत आहे, जीभ खोटी होती? एकतीस वर्षांत त्यांना कोणी लबाड म्हटलं नव्हतं. त्यांनी बहिरं ठरणं पत्करलं.

"ती चाकं फोडून टाका," एवढंच ते म्हणाले.

"बघू," साहेब म्हणाले. मग बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "तब्येतीला जपा, काका!"

सोमवारी सकाळी घरात करमेना, म्हणून काका मुलाच्या वर्कशॉपवर गेले. मुलगा खोक्यातून नवं चाक काढत होता.

"तुमच्याच कारखान्याचं आहे, बाबा. स्वस्तात मिळालं."

चाकावर कोरं करकरीत लेबल होतं. त्याच्या कडेला काहीतरी लालसर दिसत होतं. काकांनी लेबल नखाने खरवडलं. खाली फुलीचं एक टोक होतं. त्यांनी चाक हिसकावूनच घेतलं, बोटावर टांगलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं.

बद्द.

काका तिथेच स्टुलावर बसले. पोरगा वाचला, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले.

"हे आत्ताच्या आत्ता फोड," ते म्हणाले. "अजून किती आणलीस?"

"मी एकच. बाकीची गल्लीतल्या सगळ्यांनी उचलली. शनिवारी टेम्पो भरून आला होता ना. का हो?"

भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा ग्राइंडर सुरू झाला. मग त्याच्या पुढचा. मग समोरचा. काका धडपडत रस्त्यावर आले आणि सवयीने कान देऊन उभे राहिले. पण त्या कानाचा आता काही उपयोग नव्हता. एकदा फिरायला लागलं, की चांगलं चाक आणि फुटकं चाक, फुटेपर्यंत सारखंच वाजतं.