हेडफोनच्या बदल्यात

हेडफोन हवे असतील तर इकामा ठेवावा लागेल, असं संग्रहालयाच्या काउंटरवरच्या मासूमाने सांगितलं.

क्षितिजाकडे स्वतःचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नव्हता. ती आणि चार वर्षांची ओवी, दोघी नवऱ्याच्या, अनुरागच्या, इकाम्यावर. पण उद्या पुण्याचं विमान होतं आणि अनुरागने व्हिसा लावून आणलेले दोघींचे पासपोर्ट सकाळीच तिच्या हातात दिले होते. तिने आपला काउंटरवर ठेवला आणि लगेच पस्तावली.

"जपून ठेवाल ना?"

मासूमा हैदराबादची. "खा नहीं जाऊँगी, बहन," ती हसली.

रियाधच्या त्या संग्रहालयात आज बायका-मुलांची वेळ होती, म्हणून अनुराग बाहेरच थांबला होता. ओवीला जपानी किल्ला दाखव, मग कधी बघणार, हा आग्रह त्याचाच.

दालनाच्या मधोमध किल्ल्याची लाकडी प्रतिकृती होती. खरा किल्ला आगीत गेला, हेडफोनमधली बाई सांगत होती. नंतर सिमेंटमध्ये हुबेहूब उभारला. बाहेरून जुनाच, आत लिफ्ट.

"आई, मग हा फेक आहे?"

क्षितिजाचं लक्ष काउंटरकडे होतं. पासपोर्ट गहाळ झाला तर? दिराचं लग्न उरकून पाच एप्रिलच्या आत परतायचं होतं. नाहीतर इंडियन स्कूलमधली ओवीची जागा जाणार. किती खेटे घालून मिळालेली. व्हिसावरची परतीची मुदत तिने अनुरागला दोनदा विचारली होती. भरपूर आहे, तो म्हणाला होता.

शेजारच्या मधुमतीताई गेल्या वर्षी फायनल एक्झिटवर कायमच्या गेल्या, तेव्हा पोळपाटसुद्धा विकून गेल्या. क्षितिजाने मात्र फक्त कुंड्यांना पाणी घालायचं अनुरागला बजावलं होतं. घराचा करार तर त्याने कालच दोन वर्षांनी वाढवला होता.

तिने प्रदर्शन अर्ध्यातच सोडलं. हेडफोन परत केले. पासपोर्ट हातात आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मग लक्षात आलं, मासूमाला अरबी येत असेल. एवढा व्हिसा वाचून द्याल का, तिने विचारलं, परत यायची शेवटची तारीख कुठली?

मासूमाने पान उघडलं. वाचलं. ओवीचाही पासपोर्ट मागून घेतला, तोही वाचला. मग काचेबाहेर, गाडीला टेकून फोनवर हसत बोलणाऱ्या अनुरागकडे पाहिलं.

"तारीख नहीं है, बहन," ती हळू आवाजात म्हणाली. "दोनों पर फायनल एक्झिट लगा है."