मानवंदना

अर्थमंत्र्यांनी चाळीस लढाऊ विमानांची घोषणा केली, तेव्हा निवृत्त सैनिक असलेल्या बाबांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. त्याच बजेटमधल्या कपातीमुळे सरकारी दवाखान्यातलं त्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदाऐवजी एकदाच होणार होतं. मी चिडले, तर म्हणाले, "अगं, किडन्या माझ्या गेल्यात, देशाच्या नाहीत!"



डायलिसिस एकदावर आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात ते गेले. अंत्यसंस्काराला अर्थमंत्रीच हवेत, असा हट्ट मी धरला. ते आले, कॅमेरेही आले. बंदुकांची सलामी झाल्यावर त्यांनी स्वतः माईक माझ्यापुढे धरला. "बोला ताई, वडिलांच्या शौर्याबद्दल दोन शब्द."



"बाबा दोन युद्धांतून जिवंत परत आले होते. त्यांना मारलंत तुम्ही."