शनिवारची उत्तरं

“आज वार कोणता?” डॉक्टर पेनिमननी वाकून विचारलं.

एल्विन अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात, चिखलात उताणा पडला होता. चेंडू काखोटीला मारून पळणाऱ्या एल्विनला पाडून वेल्डन कॉलेजचे सात-आठ धटिंगण नुकतेच त्याच्या अंगावरून उठले होते. त्याच्या कानातून रक्त आलं होतं. पण डॉक्टर पोचायच्या आत कप्तान रॉस्कोने ते बाहीने पुसून टाकलं होतं.

“शनिवार, सर.”

“सामना कुणाशी?”

“वेल्डन कॉलेजशी, सर.”

“डोकं दुखतंय?”

“नाही, सर. मी ठणठणीत आहे. खेळणार.”

डॉक्टर गुडघे झटकत उठले. “पोरगा शुद्धीवर आहे. चालू द्या.”

रॉस्कोचा जीव भांड्यात पडला. एल्विन त्याचा सख्खा धाकटा भाऊ. “धाकट्यावर लक्ष ठेव रे,” आईने सकाळीच बजावलं होतं. पण सप्टेंबरात हार्टसेल कॉलेजकडे सोळा खेळाडू होते आणि हाडं मोडता मोडता आता नेमके अकरा उरले होते. बाहेर गेलेल्याला परत येता येत नसे. सात सामने जिंकून झाले होते, हा आठवा आणि शेवटचा. अख्खा मोसम हार्टसेलने आजवर कधीच जिंकला नव्हता. पोरांना त्याहून मोठं जगात काही दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर कुंपणाला रेलून घसा फोडणाऱ्या आम्हा मोठ्यांनाही दिसत नव्हतं.

डॉक्टर भला माणूस. पण त्यांचे प्रश्न ठरलेले, तेच तीन, त्याच क्रमाने. रॉस्कोने ते पहिल्याच महिन्यात हेरले. दर शनिवारी नाश्त्याच्या टेबलावर तो सगळ्यांकडून उत्तरं पाढ्यांसारखी घोकून घ्यायचा. समोरच्या कॉलेजचं नाव तेवढं बदलायचं. एल्विनचं पाठांतर सगळ्यांत पक्कं.

“याला झोपेत लाथ घाला,” पोरं चिडवायची, “तरी ‘शनिवार, सर’ म्हणेल!”

“तुम्हाला जागेपणी तरी येतंय का, ते बघा आधी,” एल्विन उलटून म्हणायचा.

एल्विन उठला. पुढची वीस मिनिटं तो पडत होता आणि उठत होता. एकदा तर तो आपल्याच गोलकडे तोंड करून उभा राहिला. “अरे येड्या, आपल्याला तिकडे जायचंय!” म्हणत रॉस्कोने त्याला खांद्याला धरून वळवलं. बाकीचे हसले.

हार्टसेल सहा-पाच असं जिंकलं. लोकांनी अकराही जणांना खांद्यावर घेतलं. तिथेच, खांद्यावर बसल्या बसल्या, एल्विनची मान कलली.

मंगळवारी दुपारपर्यंत त्याने डोळे उघडले नव्हते. आई उशाशी बसून होती. डॉक्टर नाडी धरून होते. रॉस्को दारात उभा होता, पांढऱ्या रंगाने ‘६–५’ लिहिलेला चेंडू हातात घेऊन. संघाने तो एल्विनसाठी पाठवला होता.

एल्विनने डोळे उघडले.

“राजा!” आई त्याच्यावर वाकली. “ओळखलंस ना मला? मी कोण, सांग बघू?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. आवाज अगदी स्वच्छ आला.

“शनिवार, सर.”

“अरे, आई आहे मी. तुझ्याजवळच बसलेय.”

“वेल्डन कॉलेजशी, सर.”

डॉक्टरांच्या हातातलं मनगट सुटलं. त्यांनी वळून रॉस्कोकडे पाहिलं. “त्या दिवशी मैदानावर...” ते हलक्या आवाजात म्हणाले, “तेव्हासुद्धा हे असंच?”

रॉस्कोने मान खाली घातली. आपण त्याला खांद्याला धरून कुणीकडे वळवलं, ते त्याला आत्ता कळत होतं. त्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं, पण आईसमोर रडायचं कोणत्या तोंडाने?

आईला यातलं काहीच उमगलं नाही. लेक बोलतोय, एवढंच तिला पुरे होतं. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

“डोकं फार दुखतंय का रे, बाळा?”

“नाही, सर,” एल्विन आईला म्हणाला. “मी ठणठणीत आहे. खेळणार.”