आचाऱ्याचा ताप

"वना आचाऱ्याला ताप आलाय. तो येत नाही," असं सांगून एचआरच्या मोनाली मॅडम मळ्याच्या बांधावर मटकन बसल्या.

वांग्यांचा ढीग तसाच पडला होता. पाइप कारखान्याची माणसं एकमेकांची तोंडं पाहत होती. म्हणजे धुळ्याची धुळेकरांची आणि जळगावची जळगावकरांची.

धुळ्याचा कारखाना बंद करून शेठनी तिथली माणसं जळगावला आणली, तेव्हापासून हे असंच. डबे वेगळे, चहा वेगळा, मशीन अडलं तरी विचारायचं नाही. पुण्याचा ट्रेनर मन, बुद्धी, भावना असं सगळं एकत्र आणा म्हणाला आणि फुगे फुगवायला लावून गेला. फुगे तेवढे फुगले. शेवटी रतिलालशेठनी बजावलं, या महिन्यात जमलं नाही तर धुळेकरांनी घरी जायचं. म्हणून मॅडमनी या शनिवारी मळ्यात भरीत पार्टी ठेवली. झुंबरबाई त्या धुळेकरांपैकीच. धुळं सोडून त्यांनी जळगावच्या पिंप्राळ्यात खोली घेतली होती, मुलीला इथल्या शाळेत घातलं होतं. आणि आता एवढी माणसं भरिताला येऊन उपाशी परतणार?

त्यांनी पदर खोचला. "आचारी कसाले जोयजे? मी शे ना."

कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली. जळगावचे फोरमन शालिग्राम नाना लांबून बघत होते. त्यांना काही राहवेना.

"अक्का, मिरच्या अजून लागतीन."

"मंग ठेचा तुम्हीच."

नाना खरंच बडगीजवळ, त्या लाकडी उखळीपाशी बसले आणि मिरच्या-वांगी ठेचू लागले. मग भाकरी थापण्यावरून, लसणावरून, मिठावरून जी काही भांडणं जुंपली! नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत सगळे एका पंगतीत जेवले. आपल्या लाइनवर पाइप वाकडा निघतो, हे नाना घास घेता घेता बोलून गेले. धुळ्याच्या भटूनं मिरचीच्या देठानं मातीत मशीनच काढून चूक कुठं होते ते दाखवलं. झुंबरबाईंचा जीव भांड्यात पडला.

परतताना बस नाक्यावर थांबली. टपरीवर वना आचारी मजेत चहा पीत होता. झुंबरबाई उतरून ताप विचारायला गेल्या.

"कसला ताप, अक्का? मॅडमनीच सकाळी फोन केला, आज येऊ नको म्हणून."

झुंबरबाई बसमध्ये परतल्या. पुढच्या सीटवर मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"काय म्हणतो आचारी?" झुंबरबाईंशेजारी बसलेल्या नानांनी विचारलं.

"ताप शे त्याले," झुंबरबाई म्हणाल्या. "आते दर शनवारले ताप येई."