थांब्यावरचा बॅचलर

“एकट्या पुरुषानं मुलांच्या थांब्यापाशी फिरकायचंच नाही. सरळ कायदाच हवा,” देवेंद्र म्हणाला, आणि स्कूलबसची वाट पाहणाऱ्या आयांनी माना डोलावल्या.

आखाती देशातल्या अब्बासिया वस्तीतल्या त्या इमारतीत देवेंद्रचा शब्द शेवटचा. दिवसा कंपनीत अकाउंटंट, संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मुलांना फुकट गणित शिकवणारे सर. सुट्टी लागली की लोक भारतात पळत. सर मात्र वडील वारले तेव्हाही गेले नाहीत. मुलांच्या परीक्षा होत्या म्हणे. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, असं दुसऱ्या मजल्यावरची उर्वी नेहमी म्हणायची.

आणि हा तुकाराम! समोरच्या बॅचलरांच्या, म्हणजे कुटुंबाविना राहणाऱ्या पुरुषांच्या, खोलीत नुकताच आलेला कोकणातला प्लंबर. त्याच्या कंपनीची बस पलीकडच्या रस्त्याला यायची, तरी हा रोज सकाळी इथंच. हटकलं तर नुसता हसायचा.

आज त्यानं कहर केला. देवेंद्रकडे बघत उर्वीच्या आर्यापुढे चॉकलेट धरलं.

“हात मागे घे,” देवेंद्र ओरडला.

“कित्याक, सर? पोरांका खाऊ काय फकस्त तुमीच देवचो?”

देवेंद्रचं डोकंच फिरलं. त्यानं गाडीतून लोखंडी पाना काढला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. दात रस्त्यावर पडले. तुकाराम गुडघ्यांवर आला, तरी हात उचलेना. देवेंद्रनं त्याच्या बरगड्यांत लाथा घातल्या. आया मुलांचे डोळे झाकत होत्या, पण ‘पुरे’ कुणी म्हणेना. खरं सांगायचं तर देवेंद्रला बरं वाटत होतं.

पोलिसांची गाडी वळणावर दिसली तेव्हा कुठे तुकाराम उठला. त्यानं देवेंद्रची कॉलर धरली आणि डोकं आपटून त्याचं नाक फोडलं. पोलीस उतरल्यावर, त्यांच्या देखत, पुन्हा आपटलं.

ठाण्यात साहेबानं दोघांकडे कंटाळून पाहिलं. “मारामारी? दोनो सफर. अपने मुल्क जाओ.”

देवेंद्रला आता एकच वाट उरली होती. आपसांत मिटलं असं तुकारामानं कबूल केलं, तर साहेब सोडून द्यायला तयार होता.

“चूक झाली, तुकारामभाऊ. पाया पडतो तुमच्या. मिटलं म्हणा.”

“नाय.”

“काय हवं ते देतो! मला परत पाठवू नका हो!”

“सांगलंय मा, नाय.”

साहेबानं शिक्का मारला. मुंबईच्या पहिल्या विमानानं दोघांची रवानगी. देवेंद्र मटकन खाली बसला.

तुकारामानं बरगड्या धरून शेजारी बूड टेकलं आणि तोंडातलं रक्त थुंकलं.

“मुंबैक पोलीस तुमची वाट बघतत, सर. आमच्या गावच्या शाळेत माझी लेक, माझा चेडू, तुमच्याच वर्गात होता. तिकाय खाऊ तुमीच देय होतास.”