मणक्याच्या गोळ्या

"लघवी केशरी होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिला महिना व्हायची. आता नाही," सुतार म्हणाला.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. फुप्फुसं स्वच्छ होती, पण क्षयाने कंबरेचा मणका पोखरला होता. पू तपासून झाला होता, औषध बरोबर होतं, तरी हाड खचतच होतं.

"या गोळ्या पोटात गेल्या की रंग येतोच. तुमच्या पोटात त्या जात नाहीत. असंच चाललं तर पाय कायमचे जातील. गोळ्या कोण देतं?"

"बायको."

धाकट्या भावाने त्याला उचलून गाडीत बसवलं. "दादा, हलका झालास, माझी कंबर वाचली!" तो हसला. त्याचं अंग मात्र चांगलं भरलं होतं. घरात त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती.

घरी येताच सुतार बायकोवर कडाडला, "केसाने गळा कापलास! मी लोळागोळा झालो की सुटलीस, असंच ना?"

"मी रोज मोजून वाटीत ठेवते आणि कामावर जाते," ती म्हणाली. "आईंना विचारा."

आईच त्याला उठवून बसवायची, पाठीला उशी लावायची, दुधाबरोबर गोळ्या भरवायची. तिला काय विचारायचं? त्याने तोंड फिरवलं. बायको पिशवी भरून माहेरी गेली.

"जाऊ दे. मी आहे ना," आई म्हणाली.

सकाळी आईला भांडं मागायची त्याला लाज वाटली. भिंत धरत, फरपटत तो संडासापर्यंत गेला. धाकटा घाईत नुकताच कामावर गेला होता. पाणी ओतायचं विसरला होता. आत सगळं केशरी होतं.

सुतार तिथेच खाली बसला. मागे आई दुधाचा पेला घेऊन उभी होती.

"आई, माझ्या गोळ्या त्याला?"

तिने आधी बाहेरचं दार लोटून घेतलं.

"त्याच्या मानेला गाठी आल्या रे, तुझ्याच दुखण्याच्या. दवाखान्यात नाव लागलं असतं तर त्याला मुलगी कोणी दिली असती? तुला रक्तवाढीच्या देत होते की." तिने पेला त्याच्यापुढे धरला. "तुझं काय, तुझं तर लग्न झालंय."