कार्डाची हाक

“कार्ड दिसतंय, पण बोलत नाही,” लेक म्हणाली आणि तिने स्क्रीन बाबांच्या बाजूला वळवला.

बाबा पाठीशी उशी घेऊन खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा पडलेला. टेबलावरचा संगणकाचा बोर्ड त्यांनीच आखलेला होता. मेंदूतली शीर फुटण्याआधीचा शेवटचा. आता त्यांना ऐकू सगळं यायचं, कळायचंही, पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, ‘परवा’. पाणी हवं असलं तरी परवा, दिवा मालवायचा असला तरी परवा.

संध्याकाळी बाबांच्या धंद्यातले भागीदारकाका बोर्ड न्यायला येणार होते. “चालला तर ठीक, नाही तर बाहेरून तयार मागवू,” गेल्या खेपेला ते याच खोलीत खणखणीत आवाजात म्हणाले होते. “त्याच्या डोक्यातलं आता कोण बाहेर काढणार?” ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसेल, असं त्यांना वाटलं असावं. त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.

लेकीचं काम म्हटलं तर एवढंसंच होतं. संगणकाचा सगळा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्राम, कर्नल, त्याला बोर्डावर काय कुठे आहे ते आधी लिहून द्यावं लागतं. स्लॉटात, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत, बसवलेलं कार्ड आपलं नावगाव आपणच सांगतं. पण त्याच्याकडे जायचा रस्ता कुठून, आणि त्याने हाक मारली तर ती कुठल्या तारेवर ऐकायची, हे बोर्ड आखणाऱ्यालाच ठाऊक. रस्ता तिने बरोबर लिहिला होता. तारांचा क्रम मात्र नेहमीचा धरला होता, आणि बाबांनी नेमका तोच बदलून ठेवला होता. कुठे काही टिपून न ठेवता. कार्ड बिचारं हाका मारत होतं आणि कर्नल भलत्याच तारेला कान लावून बसला होता.

आई पाण्याचा पेला घेऊन आली. इतकी वर्षं या माणसाच्या संसारात राहून तिलाही बरंच कळायला लागलं होतं.

“तारांना मीटर लावून नाही का समजणार, कुठली कुठे जाते ते?”

“समजेल की.”

“मग लाव ना.”

“थांब गं जरा,” लेक हळूच म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं, पेला टेबलावर ठेवला आणि आत गेली.

लेकीने डावा पंजा बाबांपुढे उघडा धरला. अंगठा आत दुमडला. “या कर्नलकडच्या चार तारा. पहिल्या स्लॉटची पहिली तार यातल्या कुठल्या तारेला जाते?”

“परवा,” बाबा म्हणाले. मग स्वतःवरच चिडून त्यांनी मान झटकली. “परवा, परवा!”

“बोलू नका. नुसतं धरा.”

बाबांचा डावा हात सावकाश वर आला. तिच्या बोटांवरून चाचपडत गेला आणि करंगळीशेजारच्या बोटाशी थांबला.

“तिसरी?”

त्यांनी बोट दाबलं. दुसऱ्या तारेला त्यांनी करंगळी धरली. तिसरीला मागे येऊन पहिलं बोट, चौथीला उरलेलं. पकडीत जोर नव्हता, पण शंकाही नव्हती. ती उजव्या हाताने एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. मध्येच तिला अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा खोकल्याचं निमित्त करून तिने बाहीने डोळे पुसले.

बोर्ड बंद करून तिने पुन्हा चालू केला. दोघंही स्क्रीनकडे पाहत राहिले. किती हाका पोचल्या ते सांगणारा आकडा शून्यावर होता. मग तो हलला. मग भराभर वर चढायला लागला.

“पोचली, बाबा!”

तेवढ्यात काका आत आले. वाकून त्यांनी स्क्रीन नीट पाहिला. “अरे वा! मीटर लावलास वाटतं?”

“नाही. विचारलं.”

काकांनी बाबांकडे पाहिलं. मग खुर्चीजवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “गड्या,” एवढंच ते म्हणाले, तेही अगदी खालच्या आवाजात.

बाबांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचं बोट स्क्रीनवर टेकलं होतं, आकड्याशेजारीच उघड्या असलेल्या, लेकीने कर्नलसाठी लिहिलेल्या वर्णनाच्या खालच्या ओळीवर. ओठ वेडेवाकडे हलत होते. कपाळाची शीर तटतटली.

“चू…”

लेक त्यांच्याकडे वाकली.

“चूक.”

तिने ओळ वाचली. दुसऱ्या, रिकाम्या स्लॉटलाही तिने घाईघाईत पहिल्याचाच क्रम चिकटवला होता. दोघांच्या हाका एकाच तारेवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक स्लॉटाचा क्रम वेगळा ठेवतात; तो सारखा कसा असेल? एरवी हे तिच्याच ध्यानात आलं असतं.

“काय गं? काय म्हणाले?” आतून आईने विचारलं.

“चूक म्हणाले, आई!” लेक ओरडली. “माझं चुकलंय म्हणाले!”